कुसुमला दिशा कळत नव्हत्या

कुसुम गेली तेव्हा मी वर्ध्यात एका झेरॉक्सच्या दुकानात भांडत होतो. नकाशाची मोठी रंगीत प्रत काढताना दुकानदाराने डावीकडचा समास कापून टाकला होता, आणि त्याच समासावर मी लाल रंगाची जाड पट्टी ओढलेली होती. "काका, नकाशा तर पूर्ण आला ना? कडेची रेघच गेली फक्त," असे त्याचे म्हणणे. त्या रेघेसाठीच मी उन्हातून आलो होतो, हे त्याला सुनावत असतानाच भाचीचा, मीनलचा, फोन आला. "मामा, असाल तिथून निघा." तिच्या आवाजावरून मला कळले. तरीही मी त्या माणसाकडून पट्टीसकट दुसरी प्रत काढून घेतली आणि मगच रिक्षात बसलो... का घेतली, हे मला अजून सांगता येत नाही.

याला काही आठवडे लोटले. मधल्या काळात शोकसभा झाली, तिच्या शाळेच्या स्मरणिकेत लेख आले, आणि त्यांत माझ्या बहिणीविषयी जे लिहिले गेले ते वाचून मी गप्प बसणे शक्य नाही. तिच्या एका विद्यार्थिनीने लिहिले आहे की कुसुमताईंना दिशांचे उपजत ज्ञान होते, रानात त्या डोळे मिटूनही उत्तर दाखवीत. हे साफ खोटे आहे. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. कुसुमला दिशा कळत नव्हत्या. देवळीजवळच्या आमच्या गावात सगळा व्यवहार दिशांवर चालतो. घरातला पाटसुद्धा 'उगवतीकडं सरकव' असेच म्हणतात. अशा घरात ही मुलगी मावळतीच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बाबांना न्यायची भाकर घेऊन निघे आणि भलत्याच वावरात जाऊन उभी राही. एकदा तर ती भाकर शेजाऱ्याने खाऊनही टाकली. आई म्हणायची, "ह्या पोरीले सासरी धाडलं तं माहेराले येताच येणार नाई." पुढे ती वर्ध्यात शिक्षिका झाली, लग्न झाले, मीनल झाली, तरी बाजारातल्या कोणत्याही दुकानातून बाहेर पडली की तिचे पाय नेमके उलट दिशेला वळत. जे तिने घाम गाळून मिळवले त्याला उपजत म्हणणे हा तिचा गौरव नव्हे, तिच्या कष्टांचा अपमान आहे.

दुसरी गोष्ट. स्मरणिकेच्या संपादकांनी असे ठोकून दिले आहे की मोजणी खात्यातल्या थोरल्या भावाने तिला नकाशा शिकवला. मला आयते श्रेय मिळते आहे म्हणून मी ते घ्यावे, असे कुणाला वाटत असेल तर तो मला ओळखत नाही. आमच्या खात्याचे नकाशे कोणाचा धुरा कुठे संपतो एवढेच सांगतात. जमीन कुठे चढते, नाला कुठे वळतो, हे त्यांत नसते. उंचसखलपणा दाखवणारा नकाशा मी तिच्याचमुळे पहिल्यांदा उलगडून पाहिला. शाळेने रानात शिबिराला जाणारे मुलींचे पथक तिच्या गळ्यात मारले होते, कारण दुसरी कोणी बाई तयार नव्हती. त्यासाठी आष्टीकडच्या डोंगरांत शिक्षकांचे प्रशिक्षण झाले. तिथे तिने आपली तुकडी मुक्कामाऐवजी भलत्याच गावाच्या आठवडी बाजारात नेऊन उभी केली, आणि बरोबरच्या गुरुजींनी तिला विचारले, "काऊन बाई, भाजीपाला घ्याचा होता काय?" त्या वाक्याने तिला पेटवले. दर रविवारी ती देवळीला माझ्याकडे येऊ लागली. मी शिकवावे म्हणून नव्हे. चुकताना सोबतीला कोणीतरी असावे म्हणून.

तुरीच्या वावरांमधल्या पांदणीत, त्या अरुंद गाडीवाटेत, आम्ही दोघे, माझी सायकल, तिचा नकाशा आणि शाळेचे होकायंत्र. नकाशा पसरायला सपाट जागा म्हणून आम्ही तो सायकलच्या कॅरिअरवर ठेवीत असू आणि त्यावर होकायंत्र. सुईची उत्तर आणि नकाशाची उत्तर एका रेषेत येईपर्यंत नकाशा फिरवायचा, मग समोरची टेकडी नकाशात शोधायची, इतके साधे काम. पण टेकडी काही केल्या जागेवर येईना. मी नकाशाला दोष दिला, ती स्वतःला दोष देत राहिली, आणि आमचे कडाक्याचे भांडण झाले. भांडताना मला पटवून द्यायला ती होकायंत्र तळहातावर घेऊन तरातरा पुढे गेली, आणि थबकली. सुई फिरली होती. ती सायकलजवळ आली, सुई परत फिरली. मग ती तिथेच धुऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "भाऊ, हे तं तुह्या सायकलीच्या प्रेमात पडून राह्यली!" लोखंड सुईला ओढते हे आम्हा दोघांनाही पुस्तकातून पाठ होते. रानात मात्र ते आमच्या ध्यानी आले नव्हते.

तिची खरी विद्या सुईत नव्हती. ती मुलींना आधी एकच गोष्ट शिकवी, आणि ती स्मरणिकेत कुणीही लिहिलेली नाही. वाट चुकल्यासारखी वाटली की थांबायचे, खाली बसायचे आणि मोठ्याने म्हणायचे, 'मी हरवली आहे.' त्यानंतरच नकाशा काढायचा. मुली हसत. ती म्हणे, "हसा. पण जिले हे म्हणता येत नाई ते पोरगी नकाशाले पण खोटं पाडते. समोरचा नाला नकाशात नसला तं म्हणते, नकाशाच जुना आहे." मी तिच्यासोबत सागाच्या रानांतून पुष्कळ हिंडलो. दर वेळी कुठेतरी ती मटकन खाली बसे आणि न लाजता ते वाक्य उच्चारी. मला ते कधीच म्हणता आले नाही. माझ्या वाट्याचेही तीच म्हणे.

म्हणून शेवटी जे झाले त्याचा राग कुणावर काढावा, हे मला कळत नाही. पक्षाघाताने तिचे डावे अंग गेले, आणि त्याबरोबर डावीकडचे भानही गेले. डोळे शाबूत होते, वाचा शाबूत होती. पण डावी बाजू म्हणून जगात काही आहे हेच मेंदूने पुसून टाकले होते. ताटातली उजवीकडची भाकर ती खाई आणि विचारी, "भाजी काऊन नाई वाढली?" ताट फिरवले की भाजी दिसे. नकाशा पुढे धरला की उजव्या अर्ध्यातली गावे ती धडाधड वाचून दाखवी आणि म्हणे, "झालं." मी म्हणालो, "कुसुम, अर्धा राहिला." ती माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहत म्हणाली, "भाऊ, पूर्ण वाचला मी. तुलेच आता दिसत नाई." जिने जन्मभर 'मी हरवली' म्हणूनच वाट शोधली, तिला आपण हरवलो आहोत हेच कळत नव्हते. मग ती शोधणार कशी? आणि मी तिला सांगणार काय?

तिच्याकडून व्यायाम करून घ्यायला घरी येणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला. नकाशाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ओढा, ती सापडेपर्यंत तिला नजर न्यायला लावा. आणि तुम्ही मुद्दाम डावीकडेच बसा, म्हणजे तुमच्या आवाजाच्या दिशेने ती मान वळवील. शास्त्र बरोबर होते, माझी त्याबद्दल तक्रार नाही. आयुष्यात प्रथमच मी वाद न घालता कुणाचे ऐकले. रोज सकाळी देवळीहून येऊन खिडकीजवळ, तिच्या डाव्या अंगाला खुर्ची टाकून बसू लागलो. तिचा डावा हात माझ्या हातात असे. मी हाक मारी, ती उजवीकडे पाही, आणि दारातून येणाऱ्या प्रत्येकाला विचारी, "भाऊ नाई आला काय?"

नात्यातले लोक आज काय म्हणतात ते माझ्या कानावर आले आहे. बिचारी शेवटपर्यंत भावाची वाट पाहत राहिली आणि भाऊ फिरकला नाही. त्यांनी तिच्या तोंडून ते ऐकले, हे खरे. ती खोटे बोलत नव्हती. पण मी तिथे होतो. हातभर अंतरावर होतो. मीनल रडकुंडीला येऊन सांगे, "आई, मामा हे काय, इथंच बसलेत." आणि ती समजुतीने मान हलवी, लहान मुलाच्या थापेला हलवावी तशी.

शेवटच्या सकाळी माझ्याने राहवले नाही. मी खुर्ची उचलली, पलंगाला वळसा घातला आणि उजवीकडे जाऊन बसलो. तिचा चेहरा उजळला. "आला काय रे? किती दिवस लावले!" मी म्हणालो, "बस मिळाली नाही." तिने माझा हात घट्ट धरला. थोड्या वेळाने, व्यायामाच्या बाई येण्याची वेळ झाली म्हणून मी खुर्ची पुन्हा डावीकडे नेऊ लागलो, तर म्हणाली, "कुठं चालला? तिकडं काई नाई, भाऊ." म्हणून मी तिकडे गेलो नाही. नकाशाची मोठी प्रत काढून आणतो, असे सांगून बाहेर पडलो.

तिची खोली मीनलने अजून तशीच ठेवली आहे. मी आठवड्यातून एकदा जातो, पलंगाच्या उजव्या बाजूला बसतो. भेटायला येणारी माणसे वारा येतो म्हणून खिडकीजवळ, डावीकडे खुर्ची ओढतात. मी त्यांना उठवतो. मोठी माणसे, वयाने, मानाने... त्यांना राग येतो. मीनल कानकोंडी होऊन म्हणते, "मामा, आता काय फरक पडतो?" मी ऐकत नाही. "उठा," म्हणतो, "इकडे या. तिकडून तिला दिसत नाही."