धोळियाकाका

"फ्राऊ पेंडसे, ही मुलं मला रोज काय म्हणतात?"

योहाननं विचारलं तेव्हा आम्ही घडियाळी पोळमधून, म्हणजे जुन्या गुजराती वस्तीच्या अरुंद गल्लीतून, कंपनीच्या गाडीकडे चाललो होतो. जानेवारीची सकाळ. धुकं अजून गल्लीतून हललं नव्हतं. वरच्या खिडक्यांतून, जिन्यांतून, कुठून कुठून आवाज येत होते, "गुड मॉर्निंग, धोळियाकाका!" मुलं दिसत नव्हती. पोळच झोपेत बोलतेय असं वाटत होतं. योहान प्रत्येक आवाजाला टोपी उचलत होता.

मी जर्मनची दुभाषी. एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगायचं, न वाढवता, न कापता, एवढंच माझं काम. योहान साठीचा जर्मन मेकॅनिक, आमच्याकडे नवं मशीन बसवायला आलेला. कंपनीनं त्याला शहराच्या टोकाला, हरणीला फ्लॅट दिला होता. तो त्यानं आठवड्यात सोडला आणि इथं पोळमध्ये खोली घेतली. म्हणाला, "तिथं माझ्याशी फक्त लिफ्ट बोलते."

गुजरातीत धोळियो म्हणजे गोरा. पण त्यात थोडी चेष्टा असतेच. मी म्हटलं, "प्रेमळ काका म्हणतात." तो खूश झाला. मलाही वाटलं, कुणाचं काय बिघडलं?

पुढच्या आठवड्यात आमचे प्रोजेक्ट मॅनेजर मेहताभाई स्वतः त्याला न्यायला आले. हाका ऐकून त्यांचा चेहराच बदलला.

"बेन, आ शुं चाले छे? कंपनीच्या गेस्टला असं बोलतात?"

योहान गाडीकडे पुढे गेल्यावर त्यांनी मुलांना दटावलं, ओट्यावरच्या मोठ्या माणसांनाही सुनावलं.

दुसऱ्या दिवशी पोळ गप्प. योहान टोपी हातात घेऊन वर बघत उभा राहिला. एक पडदा हलला, थांबला. मग योहान पाण्याखालून चालावं तसा चालत गाडीत येऊन बसला.

त्या दिवशी अलाइनमेंट होतं. म्हणजे मोटरचा आणि मशीनचा दांडा एका रेषेत आणायचा. केसाएवढाही फरक चालत नाही. योहाननं तीनदा माप घेतलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. त्यानं गेज खाली ठेवला.

"मी कुणाला दुखावलं का?"

मी वहीची पानं उलटत राहिले.

"मेहतांना सांगा, रविवारी मी परत जातो. दुसरा माणूस पाठवतील."

दुसरा माणूस यायला दोन महिने लागले असते. पण मी तोंड उघडलं ते त्यामुळे नव्हे. मी त्याला सगळं सांगितलं. शब्दाचा खरा अर्थ, माझं खोटं, मेहताभाईंचं ओरडणं.

त्यानं गेज पुसून डब्यात ठेवला.

"बायको गेल्यापासून माझ्या गावात मला सकाळी कुणी हाक मारत नाही," तो म्हणाला. "गोरा तर गोरा. आहेच मी." मग माझ्याकडे वळला. "पण तुम्ही खोटं सांगितलंत, ते मला आवडलं नाही."

मेहताभाईंनाही मी हे जसंच्या तसं सांगितलं. ते टेबलावरचा पेन फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "काले हुं आवीश." उद्या ते स्वतः येणार होते.

दुसऱ्या सकाळी मेहताभाई पोळच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभे राहिले. योहान मधोमध थांबला. वाटेत मी शिकवलेलं वाक्य त्यानं मोठ्यानं म्हटलं,

"गुड मॉर्निंग! हुं धोळियाकाका छुं!"

धुक्यात सगळं स्तब्ध. कबुतरंसुद्धा. मग तिसऱ्या मजल्यावरून एका मुलीचा बारीक आवाज आला.

"केम छो, धोळियाकाका?"

पाठोपाठ दुसरा, चौथा, मग मोजता येईनात. योहान डोळे मिटून उभा होता. मी एका शब्दाचंही भाषांतर केलं नाही.

मार्चमध्ये मशीन सुरू झालं. ते चालू करूनच तो गेला.

आता नव्या दुभाष्यांना मी एवढंच सांगते: समोरच्याला लागेल म्हणून शब्द बदलू नका. लागणार की नाही, ते त्यालाच ठरवू द्या.