अँटेनावरची ओली हळद

खंडेनवमीच्या सकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये लवकर गेलो. दरवर्षीसारखी यंत्रांची पूजा केली. टेबलावर निखतने बनवलेला अँटेना होता, त्यालाही हळद-कुंकू लावलं... जरा जास्तच. मग अकोल्याला बहिणीकडे निघून गेलो.

निखत माझी पीएचडीची विद्यार्थिनी. मातीतला ओलावा दूरवर कळवणाऱ्या यंत्रासाठी तिने हा अँटेना केला होता. तो कोणत्या फ्रिक्वेन्सीला चालेल हे आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून काढायचं, मग प्रत्यक्ष मोजायचं आणि दोन्ही आलेख जुळतात का ते पाहायचं, एवढंच आमचं काम.

त्या दुपारी तिने एकटीने मोजलं. आलेख जुळले नाहीत. मोजलेली फ्रिक्वेन्सी खाली सरकली होती.

परत आल्यावर मी तिलाच बोललो, "मोजायच्या यंत्राचं कॅलिब्रेशन नीट केलं नसशील." पेपर पाठवायची मुदत जवळ आली होती. मग अँटेना ज्या बोर्डवर छापला होता, त्याच्या मटेरियलचा सिम्युलेशनमधला आकडा थोडा थोडा वाढवत गेलो... दोन्ही रेषा एकमेकींवर बसेपर्यंत. हा आकडा कुठून आला, असं तिने विचारलं, तर म्हणालो, "अनुभवाने कळतं."

पेपर स्वीकारला गेला. त्याच आकड्यावर तिने दुसरा अँटेना केला आणि तो भलत्याच फ्रिक्वेन्सीला चालायला लागला. मी पुन्हा कॅलिब्रेशनचं नाव काढलं, तेव्हा ती अडखळत म्हणाली, "सर, त्या दिवशी अँटेनावर हळद ओलीच होती. पूजेचं होतं... मी कशी पुसणार?"

जुना अँटेना स्पिरिटने पुसला, वाळवला, मोजला. आलेख मुकाट्याने पहिल्या सिम्युलेशनजवळ येऊन बसला. ओल्या हळदीनेच फ्रिक्वेन्सी खाली ओढली होती; तिचं सिम्युलेशन बरोबरच होतं. मी ते चुकीच्या मापाला जुळवलं आणि त्यालाच पडताळणी म्हटलं...

रात्री जेवण गेलं नाही. बायकोला म्हणालो, पूजेनेच घात केला. ती म्हणाली, "देवाच्या डोक्यावर खापर काहून फोडून राहिले? हळद लावली, ठीक हाय. आकडा कोनं बदलला?"

देवघरासमोर बसलो, पण मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी निखतला सगळं सांगितलं. पेपर मागे घेतला तर तिचा थिसिस लांबणार होता. ती म्हणाली, "घ्या मागं, सर. पण अम्मीले काय सांगू? ती तर गल्लीभर मिठाई वाटून आली." ती रागावली असती, तर मला सोपं गेलं असतं.

तरीही जर्नलला पत्र लिहायला मी बरेच दिवस लावले. रोज काहीतरी कारण सापडायचं... लाज माणसाला एवढी कारणं पुरवते, हे या वयात कळलं.

आज सकाळी पत्र पाठवलं. आकडा मी बदलला, तो कसा काढला हे निखतला सांगितलं नव्हतं, पेपर मागे घेत आहोत, असं स्पष्ट लिहिलं. संध्याकाळी तिच्या घरी गेलो आणि अम्मींच्या समोर बसून सांगितलं, चूक तुमच्या मुलीची नाही, माझी आहे.