बारावी पास माणसाची सही

"डिग्री काय तुझी?"

नाशिकमधल्या एका मोठ्या दवाखान्याची कॅज्युअल्टी. सकाळचे साडेआठ. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने माझ्याकडे न बघताच विचारलं. पेशंटच्या मनगटावर मी चिकटपट्टी लावून पेनने लिहिलं होतं: मण्यार असेल. पापण्या पडतायत. ७.४०. कागद गर्दीत हरवतो, म्हणून आम्ही अँब्युलन्सवाले असंच लिहितो. त्याने ती पट्टी ओढून काढली आणि बोळा करून टाकली.

"बारावी. आणि एक वर्षाचा कोर्स," मी म्हणालो.

"मग निदान करू नकोस. स्ट्रेचर ढकल."

दोन नर्स हसल्या. त्यातली एक आमच्याच पेठ तालुक्यातली. तिचं हसणं जास्त लागलं.

अकरा वर्षं झाली मला अँब्युलन्सवर. मण्यार साप चावला की बऱ्याचदा वणसुद्धा दिसत नाही. माणूस जमिनीवर झोपलेला असतो, पहाटे पोट धरून उठतो, मग पापण्या जड होतात. अशी तीन माणसं माझ्या डोळ्यांदेखत गेली, तेव्हा कुठे मला हे कळलं. ही बाई तशीच उठली होती. वय पंचवीस असेल नसेल. घाट चढताना मला म्हणाली, दिवस उजाडला तरी अंधार का दिसतोय.

डॉक्टरने तिचं पोट दाबून पाहिलं आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन सांगितलं. मी तिथेच ठाण मांडून बसायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसांच्या तोंडी लागू नये, हे आईने लहानपणापासून अंगात भिनवलेलं. मी बाहेर आलो.

बाहेर तिचा नवरा उभा. बायकोच्या चपला हातात घेऊन. थोड्या वेळाने तो आत डोकावून आला.

"दादा, ती बोबडं बोलाया लागलीय. तुम्ही सांगा ना त्यांना."

"डॉक्टर बघतायत," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

पाऊण तासाने तिचा श्वास अडकला. मग नळी, धावपळ, विषावरचं औषध. सगळं झालं, पण उशिरा. दुपारी ती गेली. नवरा रडला नाही. चपला कुठे ठेवू, असं मलाच विचारत होता.

मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीच्या मागे बसलो आणि ढसाढसा रडलो. तिथे तोच डॉक्टर आला. आता त्याच्या तोंडी मी 'तू' नव्हतो, 'दादा' होतो. हातात फॉर्म. त्यावर टाइप केलेलं: पेशंट आणणाऱ्याने फक्त पोटदुखीची तक्रार सांगितली. खाली माझ्या सहीची जागा. फॉर्मॅलिटी आहे म्हणाला.

सकाळी माझ्या शब्दाला डिग्री लागत होती. दुपारी सहीला नको होती.

मी ती ओळ खोडली. पट्टीवर काय लिहिलं होतं, किती वाजता लिहिलं होतं, ती कोणी काढली, सगळं माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं. मग सही केली. मोबाइलवर फोटो काढून तिच्या नवऱ्याला पाठवला. डॉक्टर म्हणाला, नोकरी जाईल. मी म्हणालो, जाऊ दे.

लोक वाद घालतात, अँब्युलन्सवरच्या माणसाला डिग्री हवी की नको. हवी. आमच्या पेठला कॉलेज काढा, झेपेल एवढी फी ठेवा, पहिल्या बाकावर मी येऊन बसतो. माझ्या हातून अजून चुका होतात, मला शिकायचंय. पण त्या सकाळी तिला वाचवायला जे कळायला हवं होतं, ते मला कळलेलं होतं. हे आठवलं की जेवण जात नाही.

आता चौकशी लागलीय. अँब्युलन्सचा मालक म्हणतो, आजारी पड, गावी जा. मी जाणार आहे चौकशीलाच. डॉक्टरने काय केलं ते सांगणार. आणि मला ठाऊक असूनही मी गप्प बाहेर आलो, तेही सांगणार. तिच्या नवऱ्यासमोर.