योगिनीची ओटी

पुण्याच्या माझ्या चुलतभावाला मी लहानपणापासून दादा म्हणतो. अलीकडे तो शब्द जिभेवर जड होतो. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो देवळांचे व्हिडिओ करतो आणि स्वतःला अभ्यासक म्हणवतो. त्याचा अभ्यास म्हणजे गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर वाचलेल्या चार ओळी, त्याही माझा चष्मा मागून घेऊन.

माझी आई दर नवरात्रात आमच्या गावाजवळच्या भेडाघाटच्या देवळात चौसष्ट योगिनींकडे ओटी घेऊन जाते. यंदा दादाही सोबत होता. पायऱ्या चढताना आईला दम लागला, तर हा म्हणाला, "काकू, तुम्ही या सावकाश. मला ऊन आहे तोवर शूटिंग उरकायचंय." आणि मला ओढून पुढे निघाला.

वर त्याने कॅमेऱ्याला सांगून टाकलं की हे मंदिर दोन हजार वर्षांचं आहे. फाटकाजवळच्या पाटीवर दहावं शतक लिहिलंय, असं मी म्हटलं. "पाट्या लिहिणाऱ्यांना काय कळतं?" इति अभ्यासक.

तेवढ्यात आई पोचली. गोलाकार ओवरीत एका योगिनीचा चेहरा पार फुटलेला आहे. आई नेहमी तिच्यापुढेच बसते. तिने पिशवीतून खण, तांदूळ, नारळ काढला.

"काकू, खंडित मूर्तीची पूजा करत नाहीत. शास्त्रात आहे."

"माझे गुडघे कधीचे खंडित झाले," आई म्हणाली. "मग मला काहून जेवू घालून राहिले तुम्ही?"

तिने ओटी भरली, डोळे मिटून हात जोडले. दादाचा चेहरा एकदम उजळला. "वा! काकू, परत एकदा करा. जरा इकडे बघून. आणि डोळ्यांत थोडं पाणी आलं तर फारच छान."

आईने माझ्याकडे पाहिलं. "हा काय बोलून राहिला रे?" मी नजर वळवली. "ओटी एकदाच भरतात," असं म्हणून ती कठड्याला धरून पायऱ्या उतरायला लागली.

मग त्या शास्त्र्याने योगिनीपुढचा खण-नारळ उचलला, मोबाइल माझ्या हातात कोंबला आणि त्याच खंडित मूर्तीपुढे मांडी घालून तोच खण, तोच नारळ पुन्हा वाहिला. चेहऱ्यावर असा भाव, जणू देवीने याला नावानिशी हाक मारली. चौकीदार म्हणाला, "भैयाजी, चढ़ा हुआ सामान नहीं उठाते." दादाने ऐकलं नाही. आणि मी, पंचावन्न वर्षांचा घोडा, मुकाट्याने शूटिंग करत राहिलो. त्याच्यापेक्षा जास्त किळस मला त्या माझ्या हाताची येते.

व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला. 'भक्ती असावी तर अशी,' नातेवाइकांनी लिहिलं. आईने तो अर्धवट पाहून फोन परत दिला.

दिवाळीत दादाचा फोन आला : पुन्हा येतोय, तुमच्या तिकडच्या कुंडमजवळच्या देवळांकडे नेशील का? गाडी बिघडली आहे, असं मी सांगितलं. गाडी अंगणात धडधाकट उभी होती. तोंडावर नाही म्हणायची हिंमत तेव्हाही झाली नाही.