मशीनला थांब कोण म्हणतंय?

मी सोलापूर सोडलं त्या दिवशी अण्णा, माझे वडील, कारखान्यातून थेट स्टेशनवर आले. केसांत, भुवयांवर सुताचे तंतू तसेच. आईनं कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. ते गाठोडं सीटखाली सरकवत ती पुन्हापुन्हा सांगत होती, "पोचल्या पोचल्या फोन कर." गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "रेखे, चालू मशिनीत हात घालू नको. भ्या वाटलं तर बंद कर, मग इचार. इचारायला लाजू नको."

मी कोइमतूरला टॉवेलच्या घड्या घालायला चालले होते. घड्या घालायला कसली आलीय मशीन, असं तेव्हा मनात आलं.

हे वाचणाऱ्या, आपल्या गल्लीतल्या तुम्हाला आणि माझ्यासारखं कुठं कुठं गेलेल्यांना मागांचा तो आवाज आठवत असेलच. अण्णा ज्या कारखान्यात माग चालवायचे त्याच्या भिंतीला लागून आमची खोली. नववीत शाळा सुटली तोवर माझा सगळा अभ्यास त्या खडखडाटातच झाला. पाहुणे म्हणायचे, झोप कशी लागते हितं? आम्हाला उलट आवाज थांबला की जाग यायची. माग थांबला रे थांबला की कारखान्याच्या तेलुगू मालकांच्या घरातल्या मावशी स्वयंपाकघरातून आपल्या भाषेत ओरडायच्या, "एमैंदि?" काय झालं? आणि अण्णा आतून, "काय न्हाय, धागा तुटला." मग पुन्हा खडखडाट.

इथं कोइमतूरला आल्यावर दोन वर्षं घड्या घातल्या. कंपनीच्या हॉस्टेलला बाहेरून लावलेलं कुलूप, रात्रीची पाळी, सांबार-भात. मग एका घरामागची खोली भाड्यानं मिळाली आणि नशीब उघडलं. घर सरांचं आणि त्यांच्या बायकोचं, अक्कांचं. सर पंपाच्या कंपनीतून रिटायर झालेले. अक्कांच्या माहेरी तेलुगू बोलतात, त्यामुळे आपल्या गल्लीत फुकट शिकलेली भाषा माझ्या कामाला आली. सरांनी हौसेनं अंगणातल्या शेडमध्ये एक सीएनसी मशीन जोडलं होतं, स्वयंपाकाच्या ओट्यावर मावेल एवढं. मधोमध एक छोटी मोटर, तिला स्पिंडल म्हणतात. तिच्या टोकाला बारीक बिट, लाकूड कापणारं. कॉम्प्युटर एकेक ओळ पाठवतो आणि बिट फिरत फिरत लाकडातून अक्षरं कोरतं. मी भुसा झाडायला जायचे आणि प्रश्न विचारत उभी राहायचे. सर कधी वैतागले नाहीत. पुढं टॉवेलचं काम सोडून मी त्यांच्याकडेच लागले. लहान मुलांनी बोट फिरवून शिकायच्या तमिळ अक्षरांच्या पाट्या आम्ही करतो. शाळा सोडलेली मी, कापता कापता तिसरी लिपी शिकले.

या उन्हाळ्यात मशीनचा कंट्रोल बोर्ड जळला. सरांनी ओळखीच्या एकाकडून वापरलेला बोर्ड आणून बसवला आणि तिथून पुढं बिटं तुटायला लागली. लाकडात शिरता शिरता कट्, तुकडा. सर एकदा हात पुसत म्हणाले, "वय झालं माझं. विकून टाकू का हे?" मशीन गेलं की माझं कामही गेलं, आणि मग पुन्हा ते हॉस्टेल, ते कुलूप. त्याच भीतीनं मी वायरी तपासत बसले.

वायर सैल असेल म्हणून बदलली. मग सरांना बोर्डाच्या सेटिंगमध्ये स्पिंडलच्या कमाल वेगाचा आकडा चुकीचा दिसला. कितीही वेग सांगा, मोटर आपली पुऱ्या जोरात. तो दुरुस्त केल्यावर मोटर सांगितलेला वेग पाळू लागली, मला वाटलं जिंकलो. पाटी लावली. कट्. पण या वेळी मी बिटाकडं न बघता कान दिला होता. अक्षराचा एक भाग संपून बिट वर उचललं की आवाज बसत होता. पुढच्या जागी जाईपर्यंत गप्प, आणि खाली उतरताना पुन्हा सुरू. म्हणजे वेग यायच्या आतच बिट लाकडाला टेकत होतं. तुटेल नाहीतर काय! सर म्हणाले, मोटरच गेली असणार.

दुपारी अण्णांना फोन केला. रडायलाच केला होता, खरं सांगते.

"तेल घातलं का?"

"अण्णा, तसलं तेल नसतं हिला."

"मग कसली मशिन ती!" स्वतःच हसले. मग म्हणाले, "थांबती म्हंजे बिघडली, हे कुणी सांगितलं तुला? धागा तुटल्यावर माग आपला आपण थांबतो. तवा काय माग बिघडलेला असतो व्हय? त्याला थांब म्हणून सांगणारं कायतरी असतंय की. तुज्या मशिनीला थांब कोण म्हणतंय, ते बघ आदी."

मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. ते लहान पोरासारखे खुर्ची ओढून बसले. "बघू या. कोण म्हणतंय?"

बिट काढून टाकलं, मोटर वर घेतली आणि हवेतच एकेक ओळ चालवली. दर वेळी ती जी-झीरोच्या ओळीला थांबत होती. जी-झीरो म्हणजे न कापता झटकन दुसरीकडे जा. पण त्या ओळीत स्पिंडल बंद कर असा हुकूम कुठंच नव्हता. मग हुकूम देतंय कोण? प्रोग्राम नाही, म्हणजे बोर्ड. सरांनी त्याची सगळी सेटिंगं पडद्यावर काढली. मी बोट ठेवून विचारत गेले, हे कशाचं, हे कशाचं. बत्तीस नंबरच्या सेटिंगपुढं एक हा आकडा होता. तिथं शून्य हवा का एक, ते सरांनाही आठवेना, त्यांनी नेटवर शोधलं आणि मोठ्यानं हसले. लेझर मोड! तो बोर्ड आधी लेझरच्या मशीनवर होता. लेझर एका जागेवरून दुसरीकडे जाताना चालू राहिला तर मधलं सगळं जाळत जाईल, म्हणून तेवढ्यापुरता बंद करायचा. बोर्ड अजून तेच पाळत होता. बिचारा काळजीपोटी थांबत होता! मला त्याच्याबद्दल एकदम माया वाटली. माझंही तसंच आहे. जुन्या जागेची भीती नव्या जागीही पाळत बसते.

एकाच्या जागी शून्य केला. नवं बिट लावलं. पाटी ठेवली. बिट वर उचललं गेलं आणि आवाज तसाच चालू राहिला. खाली आलं, लाकडात शिरलं, पुन्हा वर, तरी चालूच. सर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "विकायचं वगैरे काही नाही." मी अण्णांना फोन लावून तो नुसताच मशीनजवळ धरला. बराच वेळ त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "बारीक आवाज हाय गं लई. पण एकसारका हाय."

आई अजून विचारते, घरी कधी येतीस? दिवाळीला येईन, तिकीट काढलंय. पण घरी म्हटलं की आता माझ्या मनात दोन ठिकाणं उभी राहतात आणि त्याचं वाईटही वाटतं, बरंही वाटतं. काल अक्षर पूर्ण झालं म्हणून मी मशीन बंद केलं. शेडमध्ये एकदम शांतता झाली. आतून, फोडणीच्या वासातून, अक्कांचा आवाज आला, "एमैंदि?"

"काय न्हाय," मी म्हणाले. मराठीतच. "पाटी बदलते."

त्यांना कळलं.