भिकनच्या शेजारची जागा

माझी मोठी जाऊ ताईबाई कोणाशी फारसं बोलायची नाही. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात तिला घुमी म्हणत. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? जुळी झाली तेव्हा हीच घुमी भिकन आणि पंडित, दोघांना एकदम मांडीवर घ्यायची आणि एकेका अंगाला एकेक लावून गाणी म्हणत बसायची.

मानमोडीच्या साथीत पंडित गेला. जुळ्यातला एक गेला की तो दुसऱ्याला ओढून नेतो, असं आमच्या सासूचं मत, आणि सासूचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिनं पंडितच्या झबल्यात कापूस भरला, वर टोपरं बांधलं आणि ते गाठोडं झोळीत भिकनच्या शेजारी ठेवलं. भिकनसमोर रडायचं नाही, अशी ताईबाईला ताकीद दिली. मी विचारलं, एवढ्याशा पोराला काय कळतंय?

सासू म्हणाली, "पोरले नही वं, मरनले फसाडानं शे. पोरले काय गिनती येस?"

येत होती. धुवायला म्हणून गाठोडं उचललं की भिकन पिणं सोडून मान वळवायचा, रिकाम्या जागेकडे टक लावून बघत राहायचा आणि परत तोंड लावायचा नाही. गाठोडं ठेवलं की प्यायचा. शेजारी कोण आहे, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं; त्याला दोन हवे होते. आधीच पाप्याचं पितर झालेलं पोर, उपाशी ठेवून कसं चालेल? म्हणून ताईबाई काळजावर दगड ठेवून दुसऱ्या अंगाला ते गाठोडं धरायची. तिकडचं दूध कापसात मुरायचं. मला ते बघवत नसे. मी घागर घेऊन विहिरीवर निघून जायचे.

भिकन रांगायला लागला, मग चालायला. एका दुपारी ताईबाईनं सवयीनं गाठोडं मांडीवर घेऊन त्याला हाक मारली. तो भाकरीचा तुकडा चघळत आला, गाठोड्यावर पाय देऊन तिच्या मांडीवरून पलीकडे उतरला आणि दारातल्या कोंबडीमागे धावला. त्यानं मागे वळूनही बघितलं नाही. पोर तगलं म्हणून घरात सगळे खूश झाले. सासूनं गाठोडं उसवलं आणि कापूस वातींसाठी काढून ठेवला.

त्या दिवशी ताईबाई पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मला राग आला. मी म्हटलं, अक्का, भिकन जगला ना, मग आता कशाला रडतेस?

रिकाम्या झबल्याची घडी घालत ती म्हणाली, "आते त्यालेबी एकच दिखस."