एकतिसावा फ्लास्क

आर्वी आगारातून मी निघाले तेव्हा गाडीची घोषणा बाबांनीच केली. ते तिथे वाहतूक नियंत्रक होते. माइकवर त्यांनी वर्ध्याची गाडी, फलाट आणि वेळ सांगितली. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "स्पंजच पाह्यजे त भांड्याच्या दुकानात भेटते. त्याच्यासाठी समुद्रावर काऊन चालली?" गाडी हलली तेव्हा एवढंच, "पोहोचली का फोन करजो."

गोव्यातल्या प्रयोगशाळेत माझं काम एकच होतं: समुद्री स्पंजच्या पेशी प्राण्याबाहेर, फ्लास्कमध्ये वाढवणं. माणसाच्या, उंदराच्या पेशी अशा वर्षानुवर्षं वाढवता येतात. माझ्या स्पंजच्या पेशी आठवडाभर जगत आणि एकीच्या दोन न होताच मरत. चार वर्षं दर रविवारी बाबा फोनवर विचारत, "वाढून राह्यल्या का?" मी नाही म्हणायचे.

एकतिसाव्या फ्लास्कमध्ये पेशी दुप्पट झाल्या. पुन्हा दुप्पट झाल्या. सूक्ष्मदर्शकातला फोटो मी बाबांना पाठवला. त्याच आठवड्यात त्यांना हृदयाच्या त्रासाने वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केलं. आईने ये म्हटलं. फ्लास्कमधलं पोषक द्रव एक दिवसाआड बदलावं लागे. ते काम दुसऱ्याकडे देता आलं असतं. मी दिलं नाही. आर्वीतून बाहेर पडलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाकडे न जाण्याचं एक कारण असतं; माझं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं.

बाबा फोनवर म्हणाले, "वाढून राह्यल्या न? मंग तिकडे पाह्य. मी कुठी चाललो?"

मी ती परवानगी समजले. अकराव्या दिवशी ते गेले.

त्या पेशी स्पंजच्याच आहेत ना, याची डीएनए तपासणी आधीच करायला हवी होती. नमुना खर्ची पडेल म्हणून मी ती टाळली होती. महिन्याने केली. फ्लास्कमध्ये स्पंजची एकही पेशी नव्हती. स्पंजच्या अंगात राहणारा, तसाच गोल दिसणारा एक सूक्ष्मजीव तेवढा वाढत होता. फ्लास्क नियमाप्रमाणे निर्जंतुक करून टाकून दिला. त्यानंतरच्या एकाही फ्लास्कमध्ये काही वाढलेलं नाही.

आईने सूक्ष्मदर्शकातला तो फोटो मोठा करून शोकेसमध्ये बाबांच्या फोटोशेजारी ठेवला आहे. आर्वीत राहिलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, "हे माह्या पोरीनं वाढवलं. यायनं डोळ्यानं पाह्यलं, मंगच गेले."

फ्लास्कमध्ये खरं काय वाढलं होतं ते मी तिला सांगितलेलं नाही. घरी गेले की दोन्ही फोटोंवरची धूळ पुसते.